आखाजीचा मुराळी : सणाच्या भावुक जाहिराती आणि असोद्यासाठी एक आराखडा

नाताळ तोंडावर आला, की ब्रिटनमध्ये एका जाहिरातीची वाट पाहिली जाते. जॉन लुईस या दुकानसाखळीने २००७ पासून दरवर्षी नाताळासाठी स्वतंत्र जाहिरातपट करण्याची प्रथा सुरू केली. नोव्हेंबरमध्ये तो दाखविला जातो, वृत्तपत्रे त्याचे परीक्षण छापतात आणि यंदाची जाहिरात गेल्या वर्षीपेक्षा सरस की नाही, यावर घराघरांत चर्चा झडते. दुकानाच्या जाहिरातीला एखाद्या कलाकृतीचा मान मिळावा, ही तशी नवलाचीच गोष्ट.

या परंपरेतील सर्वाधिक गाजलेली जाहिरात २०११ ची. सात-आठ वर्षांचा एक मुलगा नाताळाची आतुरतेने वाट पाहत असतो. घड्याळाकडे पाहून तो वैतागतो, जेवण भराभर उरकतो, लवकर झोपायला जातो. प्रेक्षक मनाशी म्हणतो, भेटवस्तूंसाठीच ही घाई असणार. नाताळाची सकाळ उजाडते, मुलगा उठतो आणि स्वतःच्या भेटवस्तूंच्या ढिगाकडे ढुंकूनही न पाहता कपाटातून एक वेडावाकडा गुंडाळलेला खोका काढून आई-वडिलांच्या खोलीत जातो. त्याला घ्यायचे नव्हते, द्यायचे होते. जाहिरातीत संवाद जवळजवळ नाहीत आणि खोक्यात काय आहे, हेही दाखविलेले नाही.

एवढ्याशा कथेने इंग्लंडातील प्रौढ माणसांच्या डोळ्यांत पाणी आणले. ते कसे, हे समजून घेतले तर आपल्याकडील दिवाळीच्या जाहिरातींचे गणितही उलगडते. शिवाय खानदेशातील एखाद्या गावाला आपल्या सणाची अशी जाहिरात करायची असेल, तर ती कशी असावी, याचाही अंदाज बांधता येतो. या लेखात जळगावजवळच्या असोदा या गावासाठी तसा एक आराखडा मांडला आहे.

रडू येते ते कशामुळे?

सणाची भावुक जाहिरात बहुधा एका रिकाम्या जागेपासून सुरू होते. सण म्हणजे सर्वांनी एकत्र येण्याचा दिवस. त्यामुळे त्या दिवशी कोणी नसेल, तर ते नसणे इतर दिवसांपेक्षा अधिक जाणवते. जाहिरातकाराला हे दुःख निर्माण करावे लागत नाही. ते प्रेक्षकाच्या घरात आधीपासूनच असते. जाहिरात त्याकडे केवळ बोट दाखविते. मग ती रिकामी जागा भरण्यासाठी कथेतील सर्वांत दुबळे माणूस, म्हणजे लहान मूल किंवा वृद्ध, आपल्या कुवतीपलीकडची धडपड करते. शेवटी भेट होते, संगीत चढते आणि पडद्यावर दुकानाचे नाव येते.

हा साचा सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच तो वापरणाऱ्या दहांपैकी नऊ जाहिराती दुसऱ्या दिवशी विस्मरणात जातात. अनेकदा गोष्ट लक्षात राहते, पण जाहिरात कोणाची होती, हे आठवत नाही. जाहिरातदाराच्या दृष्टीने याहून मोठे नुकसान नाही. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते कसोटी एकच आहे. शेवटी झळकणारे नाव बोटाने झाकावे आणि विचारावे, की विकायची वस्तू कथेतून काढली तर कथा उभी राहते काय? राहत असेल, तर त्या वस्तूने भावना उसनी घेतली आहे. राहत नसेल, तर ती तिची स्वतःची आहे.

पोलंडमधील अलेग्रो या संकेतस्थळाची २०१६ ची नाताळ जाहिरात या कसोटीला उत्तम उतरते. एक वृद्ध गृहस्थ इंग्रजी शिकण्याचा संच मागवितात. घरातील प्रत्येक वस्तूवर तिच्या इंग्रजी नावाची चिठ्ठी चिकटवितात. कुत्र्यावरही एक चिठ्ठी लावतात. न्हाणीत, बसमध्ये, जेवताना पुटपुटत राहतात. हा उपद्व्याप कशासाठी, ते शेवटपर्यंत कळत नाही. अखेर विमानाने ते ब्रिटनला मुलाच्या घरी पोहोचतात आणि दारात उभ्या असलेल्या चिमुकल्या नातीला तिच्या भाषेत सांगतात, की मी तुझा आजोबा. युरोपीय संघात सामील झाल्यानंतर पोलंडमधील लाखो तरुण ब्रिटनमध्ये स्थायिक झाले, ही त्यामागची सामाजिक वस्तुस्थिती. पुस्तकांचा तो संच अलेग्रोवरून घेतलेला असतो. तो काढून टाका, भेट होणारच नाही.

जर्मनीतील एडेका या किराणा साखळीची २०१५ ची जाहिरात मात्र वेगळ्या कारणाने लक्षात राहते. मुले वर्षानुवर्षे नाताळाला येण्याचे टाळतात म्हणून एकटे पडलेले वडील स्वतःच्या मृत्यूची बातमी पाठवितात. काळे कपडे घालून, रडत आलेल्या मुलांसमोर मेजवानीचे टेबल मांडलेले असते आणि वडील आतून बाहेर येतात. तुम्हा सर्वांना एकत्र आणायला दुसरा मार्ग कोणता होता, असे विचारतात. जगभर कोट्यवधी लोकांनी ती पाहिली. ती पाहताना गळा दाटतो, हे खरे. पण नंतर विचार केला, तर बापाने मुलांवर केलेली ही जबरदस्ती आहे आणि तीच जबरदस्ती जाहिरात प्रेक्षकावर करते. किराणा मालाचा संबंध शेवटच्या जेवणापुरता.

सेन्सबरीज या साखळीने २०१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या शताब्दी वर्षात, १९१४ च्या नाताळात खंदकांतील ब्रिटिश आणि जर्मन सैनिकांनी काही काळ लढाई थांबविली होती, तो प्रसंग चित्रित केला. सैनिकांच्या कल्याणाचे काम करणाऱ्या संस्थेच्या साह्याने ती बनविली होती आणि चित्रपटात दिसणाऱ्या चॉकलेटच्या विक्रीचा नफाही त्याच संस्थेला गेला. तरीही रणांगणावरील मरणाचा उपयोग दुकानाकडे गिऱ्हाईक वळविण्यासाठी करावा काय, असा प्रश्न अनेकांनी विचारला. हेतू चांगला असला आणि पैसा सत्कार्याला गेला, तरी हा प्रश्न मिटत नाही.

आपली दिवाळी

मराठी घरांत नाताळाची जागा दिवाळीची आणि दिवाळीच्या जाहिरातींत पहिला मान मोती साबणाचा. मुळात टाटा ऑईल मिल्सचा हा साबण. १९९० च्या दशकात ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. पहाटेच्या अंधारात दारोदारी जाऊन शेजाऱ्यांना अभ्यंगस्नानासाठी उठविणारे ‘अलार्म काका’ वाचकांच्या नजरेसमोर असतीलच. ज्येष्ठ अभिनेते विद्याधर करमरकर यांनी ती भूमिका केली होती. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा दीर्घ कारकीर्द असूनही बहुतेकांनी त्यांना याच भूमिकेने ओळखले.

या जाहिरातीत कोणी दुरावलेले नाही, कोणी रडत नाही. मग ती मनात का रुतली? तिने सणातील नेमकी घटका पकडली. नरक चतुर्दशीची पहाट, तेल, उटणे, गरम पाण्याची वाफ, बाहेर फटाक्याचा पहिला आवाज. या क्रमात उटण्यानंतर साबणाला एक जागा होती आणि मोतीने ती बळकावली. वर्षातून एकदाच घरात येणारा साबण, ही त्याची मर्यादा होती. तिचेच भांडवल करण्यात आले. वस्तू विधीचा भाग झाली की तिला वेगळ्या युक्तिवादाची गरज उरत नाही.

कॅडबरीने हेच मिठाईच्या बाबतीत केले. सणाला तोंड गोड करायचे ते पेढ्या-लाडवाने, ही रीत होती. तिच्या शेजारी चॉकलेटचा डबा ठेवण्याचे काम जाहिरातींनी वर्षानुवर्षे चिकाटीने केले. याच कंपनीने २०२१ च्या दिवाळीत शाहरुख खानच्या तोंडी परिसरातील छोट्या दुकानांची नावे घालण्याची सोय संगणकाच्या साह्याने करून दिली. करोनाच्या टाळेबंदीने गांजलेल्या दुकानदारांना आपल्या दुकानाची जाहिरात तयार करता आली. भावना येथेही होतीच, पण तिचा उपयोग कोपऱ्यावरच्या दुकानदाराला झाला.

गुगलची २०१३ ची जाहिरात दिवाळीच्या सुमारास आली, तरी ती सणाची नव्हती. फाळणीत ताटातूट झालेले दोन मित्र, एक दिल्लीत, एक लाहोरमध्ये. नात शोधयंत्रावर धागेदोरे जुळविते आणि भेट घडविते. शोध घेणे हेच जिचे काम, त्या कंपनीसाठी यापेक्षा चपखल कथा सापडणे कठीण.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. तनिष्कने ऑक्टोबर २०२० मध्ये हिंदू सुनेचे डोहाळजेवण मुस्लिम सासरी साजरे होताना दाखविले. समाजमाध्यमांवर इतका गदारोळ उठला, की कंपनीने जाहिरात मागे घेतली. याच कंपनीने २०१३ मध्ये एका मुलीच्या आईचे पुनर्विवाहाचे दृश्य दाखविले होते आणि त्याचे कौतुक झाले होते. सणाच्या दिवसांत माणसे हळवी असतात आणि तितकीच चिडकीही.

सोने आणि घागर

येथवर खानदेशाचा उल्लेख आला नाही, याचे कारण उघड आहे. मराठी वाहिन्यांवरील बहुतेक राष्ट्रीय जाहिराती हिंदीत घडतात आणि मराठीत केवळ ध्वनिमुद्रित होतात. मुळात मराठीत लिहिल्या गेल्या, तरी त्यांतील घर पुण्याचे किंवा दादरचे असते. खानदेशातील लेकी-सुनांना विचारा, तुमचा सर्वांत जिव्हाळ्याचा सण कोणता? दिवाळी सांगतील, पण त्याआधी पुष्कळदा आखाजी सांगतील.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया. उर्वरित महाराष्ट्रात हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. गेल्या काही दशकांत त्याची ओळख सोने खरेदीचा दिवस अशी झाली. ही ओळख रुजविण्यात सराफी जाहिरातींचा वाटा मोठा आहे. जळगाव ही तर सोन्याच्या व्यापारासाठी नावाजलेली पेठ. आखाजीच्या आधी पंधरा दिवस वृत्तपत्रांची पाने आणि वाहिन्यांच्या वेळा दागिन्यांनी भरून जातात.

गावातील आखाजीत मात्र सोने फारसे कोठे दिसत नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात. निंबाच्या, चिंचेच्या झाडांना झोके बांधले जातात आणि मुली-बाया झोक्यावर गाणी म्हणतात. गौराई बसते. घरोघरी मातीची घागर पाण्याने भरून, तिच्यावर छोटे मडके, डांगर आणि आंबा ठेवून गेलेल्यांच्या नावाने पूजा होते. खापरावर पुरणाचे मांडे भाजले जातात, आमरस होतो. शेतावरील सालदाराचा वर्षाचा करारही याच दिवशी संपतो आणि नवा ठरतो. त्याच्या कुटुंबासाठी आखाजी हा हिशेबाचा दिवस. लेकींचा झोका, पितरांची घागर आणि सालदाराचा हिशेब, असा हा तिपेडी सण आहे. त्यातील एकही पेड जाहिरातींना ठाऊक नाही. जाहिरात एखाद्या सणाला नवा अर्थ देते तेव्हा जुना अर्थ कोणी खोडत नाही. तो नुसता दिसेनासा होतो. शहरात वाढलेल्या खानदेशी मुलांना अक्षय्य तृतीया ठाऊक असते, आखाजी नसते.

या सणातील एक शब्द जाहिरातकाराने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे : मुराळी. सासरी असलेल्या लेकीला माहेरी नेण्यासाठी जो येतो, तो मुराळी; बहुधा तिचा भाऊ. बैलगाडी जुंपून तो येई आणि त्याच्या वाटेकडे बहीण डोळे लावून बसलेली असे.

असोदाच का?

जळगाव शहरापासून अवघ्या काही किलोमीटरवरचे असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. १८८० मध्ये नागपंचमीच्या दिवशी त्यांचा येथे जन्म झाला आणि लग्नानंतर त्या जळगावला नांदायला गेल्या. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीने जी गाणी रचली, त्यांत माहेर आणि माहेरची वाट हा फार मोठा विषय आहे. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले; पुढच्याच वर्षी पुत्र सोपानदेव चौधरी यांच्या प्रयत्नाने आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. माहेरच्या ओढीची जाहिरात करायची, तर याहून योग्य गाव महाराष्ट्रात शोधावे लागेल.

आता प्रश्न वस्तूचा. असोदा म्हटल्यावर खवय्यांना पहिल्यांदा आठवते ते भरिताचे वांगे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिवाळ्यात शेताशेतांत भरीत पार्ट्या रंगतात, पुण्या-मुंबईच्या खानदेशी घरांत येथून वांगी पाठविली जातात. आई वांगी पाठविते, लेक पुण्यात गॅसवर भाजते, चव लागत नाही, मग लेक गावी येते आणि काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात. जाहिरात डोळ्यांसमोर तयारच उभी राहते. पण ती बाजूला ठेवावी लागते. एक तर भरिताचा हंगाम हिवाळ्याचा आणि आखाजी रणरणत्या उन्हाची. दुसरे म्हणजे चुलीपाशी राबणारी आई दाखवून खाद्यपदार्थ विकण्याची पद्धत इतकी मळलेली आहे, की त्यातून नवे काही निघणे अवघड.

मग लेकीला माहेरी पोहोचविते ती कोणती गोष्ट? उत्तर रस्त्यावर उभे आहे. ती एसटी आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली बस धावली, तेव्हापासून बैलगाडीतल्या मुराळ्याचे काम हळूहळू एसटीकडे आले. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत करण्यात आला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट तर पूर्वीपासूनच आहे. या तीन नियमांत एका बाईचे सारे आयुष्य बसते : लहानपणी अर्धे, मग पूर्ण, मग पुन्हा अर्धे आणि शेवटी शून्य. जाहिरातीची कथा येथे आयती हाताशी येते, ती रचावी लागत नाही.

साठ सेकंद

साल १९७४, वैशाखातील दुपार, धुळे बसस्थानक. पंचविशीतील एक स्त्री, तिची सात वर्षांची मुलगी आणि तिला न्यायला आलेला धाकटा भाऊ बसमध्ये बसतात. मुलगी खिडकीपाशी. कंडक्टर येतो; भाऊ ऐटीत सांगतो, “जळगाव. दोन फुल, एक हाफ.” चिमट्याचा टक् आवाज. हाफ तिकिटाला पडलेल्या भोकातून मुलगी एक डोळा मिटून बाहेर पाहते. पारोळा, एरंडोल मागे पडतात. मामा तिला चिडवितो, आई झोपी जाते. यासाठी पंधरा-सोळा सेकंद पुरेत.

तिकिटाच्या भोकातूनच काळ बदलावा. पलीकडे आजचा महामार्ग. तीच मुलगी, आता साठीच्या उंबरठ्यावर. खिडकीपाशी तिची आई, एसटीच्याच वयाची. जागांची ही अदलाबदल शब्दांत सांगायची नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल. कंडक्टर तिकिटाचे मशिन घेऊन येतो. लेक म्हणते, “जळगाव, एक हाफ.” तो आजीकडे पाहतो. त्याने विचारण्याआधीच आजीबाई कनवटीची पिशवी, पिशवीतून प्लॅस्टिकचे पाकीट, पाकिटातून रुमाल आणि रुमालातून कार्ड काढू लागतात. कंडक्टर थांबतो. मागचे प्रवासीही थांबतात. भावुक जाहिरातीत एक जागा हसण्याची लागतेच, ती ही. शून्य रुपयांचे तिकीट छापून बाहेर येते. आजी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहतात. त्याला भोक नाही.

जळगाव जवळ येताना महामार्गालगत विद्यापीठ लागते. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. त्या नावाची पाटी खिडकीतून क्षणभर सरकून जावी, त्यावर कॅमेरा थबकू नये. मग गिरणेचा पूल आणि खाली उन्हाळ्यातील कोरडी वाळू.

शेवटचे दृश्य असोद्याचे. थांब्यावर, निंबाच्या सावलीत, काठी टेकून एक म्हातारा उभा आहे. हाच तो भाऊ. गुडघ्यांनी असहकार पुकारल्याने यंदा तो बहिणीला आणायला जाऊ शकलेला नाही. उतरणाऱ्या बहिणीकडे पाहताना त्याला संकोच वाटतो. तो एकच वाक्य बोलतो. ते वाक्य येथे मुद्दाम लिहिलेले नाही. असोदा परिसरातील लेवा गणबोलीत ते असावे आणि गावातीलच एखाद्या जुन्या माणसाने ते सांगावे. मुंबईत बसून लिहिले, तर ते नाटकी होईल. बहीण उत्तर देत नाही, मागे उभ्या असलेल्या लाल बसकडे हात करते. बस धूळ उडवीत निघून जाते. पडद्यावर अक्षरे : ‘आखाजीचा मुराळी’. खाली एसटीचे बोधचिन्ह. अखेरचे दोन सेकंद अक्षरांविना झोक्यावरची म्हातारी, दोर धरलेला भाऊ.

येथे कोणी मेलेले नाही, हे सहेतुक आहे. घागर गेलेल्यांसाठी भरली जाते; तिचे एक ओझरते दृश्य ओसरीवर दिसावे, पण त्यावर संगीत चढवू नये. एडेकाच्या बापाला जे खोटे बोलून मिळवावे लागले, ते या भावाला न मागता मिळते.

तपशील आणि पथ्ये

पाश्चात्त्य नाताळ जाहिरातीत बाहेर बर्फ आणि आत ऊब असते. सारी प्रकाशयोजना त्यावर उभी असते. खानदेशी वैशाखात पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो. त्यामुळे येथे ते उलटे करावे लागेल. बाहेर पांढरेफटक ऊन, आत काळोखी, गार ओसरी. सुख म्हणजे सावली आणि माठातले पाणी. पिवळा उबदार प्रकाश वापरून दिवाळीसारखे चित्रण केले, तर गाव ओळखू येणार नाही.

संगीतासाठी बहिणाबाईंचे गाणे घेण्याचा मोह प्रत्येकाला होईल. तो टाळावा. गाणे इतके परिचित आहे, की प्रेक्षक गाण्यासाठी रडेल आणि बस विसरेल. शिवाय कवयित्रीच्या शब्दांना बोधचिन्ह चिकटविणे बरे दिसत नाही. आखाजीची झोक्यावरची गाणी गावातील बायांच्या तोंडी आहेत. तीच त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावीत, त्यांचा मोबदला द्यावा आणि त्यांची नावे दाखवावीत. झोक्याच्या दोराचा करकर आवाज वाद्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

माहेरपणाच्या कथेत एक माणूस नेहमी अदृश्य असते. लेक आराम करते, कारण भावजय राबते. भर उन्हात खापरावर मांडे भाजणारी बाई हीसुद्धा कोणाची तरी लेक असते आणि तिचे माहेर त्या दिवशी तिच्यावाचून राहते. जाहिरातीतील स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाविषयी अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत; त्या नसत्या, तरी ही गोष्ट खटकायला हवी. म्हणून थांब्यावरच्या गर्दीत हातात पिशवी घेतलेली भावजय त्याच बसमध्ये चढताना दिसावी आणि घरात आंबे पिळणारे हात पुरुषाचे असावेत. बसच्या टपावर किंवा मागच्या बाकावर सालदाराच्या कुटुंबाचे गाठोडेही असावे. कोणाला ते कळेल, कोणाला नाही.

सरकारी उपक्रमाची जाहिरात म्हटल्यावर शेवटी मान्यवरांची छायाचित्रे येण्याचा धोका असतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये अशा छायाचित्रांवर कडक मर्यादा घातली होती. मार्च २०१६ मध्ये ती शिथिल करून मुख्यमंत्री आणि मंत्र्यांना परवानगी देण्यात आली. परवानगी आहे म्हणून वापरलेच पाहिजे, असे नाही. म्हाताऱ्या भावानंतर दुसरा कोणताही चेहरा आला, की साठ सेकंदांची मेहनत वाया गेली.

दूरचित्रवाणीवर वेळ दहा सेकंदांच्या हिशेबाने विकली जाते. साठ सेकंदांची आवृत्ती इंटरनेट आणि चित्रपटगृहांपुरती ठेवून वाहिन्यांसाठी वीस सेकंदांची करावी लागेल. तीत १९७४ चे ‘दोन फुल, एक हाफ’, आजचे ‘एक हाफ’ आणि थांब्यावरचा भाऊ एवढेच राहील. कार्ड शोधण्याचा विनोद नाइलाजाने जाईल. दहा सेकंदांत तर केवळ आजीच्या तळहातावरील दोन तिकिटे, एक अर्धे आणि एक शून्य.

सर्वांत मोठे पथ्य चित्रीकरणाबाहेरचे आहे. साबणाची जाहिरात पाहून दुकानात गेलेल्या माणसाला साबण मिळतो. बसची जाहिरात पाहून आखाजीच्या आदल्या दिवशी फाट्यावर उभ्या राहिलेल्या बाईला बस मिळाली नाही, किंवा मिळाली ती खचाखच भरलेली असली, तर तिच्या हातात अर्ध्या तिकिटाचा हक्क असूनही उपयोग नाही. २०२१-२२ मधील प्रदीर्घ संपात खेड्यापाड्यांतील प्रवाशांनी एसटीवाचून दिवस कसे काढले, हे येथील वाचकांना सांगायला नको. गणपती आणि आषाढीसाठी जादा गाड्या सोडल्या जातात, त्यांची प्रसिद्धीही होते. आखाजीच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन दिवस जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील मार्गांवर तशी व्यवस्था झाली आणि तिचे वेळापत्रक बसस्थानकांवर लागले, की जाहिरात प्रसारित करण्यास हरकत नाही.

चित्रीकरण मात्र एक वर्ष आधी करावे लागेल. झोके आखाजीच्याच दिवसांत बांधले जातात, पानगळीनंतर निंब तेव्हाच भरगच्च झालेला असतो आणि गिरणेची वाळू तेव्हाच उघडी पडते. आदल्या आखाजीला तीन दिवस, पहाटे सहा ते दहा आणि दुपारी चारनंतर. मधल्या वेळी त्या उन्हात पंचाहत्तरी ओलांडलेल्या कलावंतांना उभे करू नये. जुन्या बांधणीच्या बसची आणि तिकिटाच्या चिमट्याची शोधाशोध त्याआधी दोन महिने सुरू करावी.